नाचणीच्या माहेरावरचा आरोप

एक मजकूर सध्या फिरतोय, मलाच तीनदा आला. सारांश असा: आफ्रिका उपाशी राहते कारण ती जुनाट भरड धान्यांना चिकटून बसलीय. ती पिकतात कमी, बायकांना दिवसभर कांडत बसावं लागतं, तिथल्या लोकांनाही ती नकोशी झालीत. त्यापेक्षा मका लावा, कमी पडला तर भारताचा तांदूळ आहेच. (आफ्रिका म्हणजे ५४ देश, पण ते जाऊ द्या.)

चिकटून बसलीय? झांबिया, मलावी, झिंबाब्वेत ताटात असतं ते पांढऱ्या मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ. मका मूळचा अमेरिकेचा, आफ्रिकेत गेला सोळाव्या शतकापासून पुढे. तिथली जुनी धान्यं म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी. हो, आपलीच. तिघींचं माहेर आफ्रिका. आपल्याकडे त्या हजारो वर्षांपूर्वी नांदायला आल्या. वसाहतीच्या काळात खाणमजुरांना शिधा मिळे तो मक्याच्या पिठाचा, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी पैसा मक्यामागेच गेला. मलावीनं २००५-०६ पासून अनुदान दिलं ते खतावर आणि मुख्यतः मक्याच्या बियाण्यावर. झांबियात सरकारी खरेदीही प्रामुख्यानं मक्याचीच. म्हणजे अडचण जुनी धान्यं धरून ठेवल्यामुळे नव्हे; ती सोडल्यावरही अडचण आहेच.

पिकतात कमी, हे चांगल्या पावसाच्या वर्षी खरं आहे. पण २०२४ च्या दुष्काळात झांबियानं पेरलेल्या २२ लाख हेक्टर मक्यापैकी सुमारे १० लाख हेक्टर वाया गेला. तुरा येण्याच्या सुमारास पावसानं दडी मारली की मक्याचं कणीस भरत नाही. ज्वारी पानं गुंडाळून थांबते आणि सर आली की पुन्हा धरते. शिवाय मक्याच्या वाणांवर शंभर वर्षं काम झालंय. इथिओपियाच्या टेफ या बारीक दाण्याच्या धान्यावर त्या मानानं थोडंच झालं, तरी २००६ साली आलेल्या क्वुंचो या वाणानं शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवलं.

एक खरी अडचण त्या मजकुरात नाहीच, ती मीच सांगतो: पाखरं. लाल चोचीच्या क्वेलियाचे लाखोंचे थवे ज्वारी-बाजरीवर उतरतात. मक्याचा दाणा पानांत झाकलेला, ज्वारीचा उघड्यावर. ज्यानं हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरवलीय त्याला हे समजावून सांगायला नको. पोरं शाळेत जायला लागली (जायलाच हवीत), मग राखण कोण करणार? आपल्याकडे ज्वारी सोडणारा शेतकरीही हेच सांगतो.

कांडण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या फोनिओ या भरड धान्याचा दाणा वाळूच्या कणाएवढा, ग्रॅमभरात दोनेक हजार. टरफल निघावं म्हणून बायका उखळात त्याच्यात वाळू मिसळून कांडतात, मग ती वाळू काढण्यासाठी पुन्हा पुन्हा धुतात. वाळू राहिली की दाताखाली कचकच. म्हणून फोनिओ सोडायचा का? सेनेगलच्या सानुसी दियाकिते या अभियंत्यानं टरफल काढण्याचं यंत्र बनवलं, ५ किलो ८ मिनिटांत. १९९६ साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. दोष दाण्याचा असेलही, पण गिरणी काढता येते. आपल्याकडे वरी-राळा मागे पडले त्यातही कांडणाचा त्रास होताच.

लोकांना नकोत? टेफचे भाव भडकले म्हणून इथिओपियाला २००६ मध्ये त्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. केनियात मानागू, तेरेरे या रानभाज्या गरिबाच्या म्हणून हिणवल्या जायच्या. प्रा. मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आज त्या नैरोबीच्या सुपरमार्केटात मिळतात. तेरेरे म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली.

उरला भारताचा तांदूळ. सेनेगलमध्ये भाताला तांदळाची कणीच लागते आणि ती बरीचशी आपल्याकडून जायची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथले भाव सांभाळायला आपण कणीची निर्यात बंद केली, आणि जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळही (दोन्ही बंद्या पुढे उठल्या). त्याच सेनेगलच्या आग्नेय टोकाला, केडुगूकडे, फोनिओ पिकतो. त्याच्या लवकर येणाऱ्या जाती सहा-आठ आठवड्यांत कापणीला येतात, जुन्या हंगामाचं धान्य संपलेलं असतं नेमक्या तेव्हा.