पेटी मेळ्याला दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की आमच्या वाद्यांच्या दुकानातला पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, मेळा म्हणजे फसलेला सेल: गिटार नाही, कीबोर्ड नाही, मंगळवारी दुपारी तीनची वेळ, साधा माईकसुद्धा नाही, आणि मुलगा कंटाळला. हे सगळं खरं आहे, आणि सगळं ठरवून केलेलं आहे.

मेळा साठीच्या पुढच्या मंडळींसाठी होता. पत्रकावर पहिल्याच ओळीत तसं छापलं होतं, मराठीत आणि गुजरातीतही. आधी आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या भजनी मंडळांत जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? नवी पेटी जवळपास कुणालाच नको होती. घरात आहेच, माळ्यावर, सासूबाईंची नाहीतर आजोबांची. पण भाता फुसफुसतो, पट्टी दाबली की वर येत नाही, एखादा सूर हात न लावताच वाजत राहतो. म्हणून त्या दिवशी विक्रीचा माल आत ठेवला आणि पुढे कारागीर बसवले. तुम्हाला जी 'जुन्या खोक्यांची रांग' दिसली, तोच कार्यक्रम होता.

माईक लावला असता तर कारागिराला उतरलेला सूर ऐकू आला नसता. दुपार अशासाठी, की अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही अशी बऱ्याच जणांना मुलांची ताकीद असते. शनिवार-रविवारी दुकान गिटारवाल्यांचं असतं.

या पिढीची एक गंमत सांगतो. आकाशवाणीवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती. आज पंच्याहत्तरी गाठलेल्यांनी लहानपणी ती ऐकली ती घरात आणि देवळात. हातात घ्यायचं मात्र राहून गेलं. सयाजीरावांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, त्या बडोद्यात यांना घरचेच म्हणतात, "आता या वयात?" आवाजही उतरलेला असतो. एके काळी काळी चारच्या उंच स्वरात गाणाऱ्या बाईंना आता खालची काळी दोन बरी वाटते. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी पेटी, सुचवावा तर तो जड, उचलवत नाही. एवढं बोलायचं तर प्रत्येकाजवळ निवांत बसावं लागतं. गर्दी जमवून ते होत नाही.

धर्मादाय काम केलं असं मी म्हणणार नाही. पेटी दुरुस्त करून नेलेला माणूस पुढे शिकवणीची चौकशी करायला येतो, कधी नातीला घेऊन येतो. धंदा तिथे आहे. गिटारवर सवलत नाकारली तीही याच हिशेबाने.

मुलाला शनिवारी-रविवारी जरूर आणा, गिटार वाजवून बघायला पैसे पडत नाहीत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की 'आमच्याकडे सासऱ्यांची पेटी आहे, पण बिघडलेली.' ती आणा, ताई. सासरेही येणार असतील तर दुपारीच या. दुरुस्तीवरची सवलत महिनाअखेरपर्यंत आहे.