‘लाइट मीटर कशाला?’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला इंदूरच्या चार जणांनी पाठवला. फिल्मसाठी हातातला लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजून कॅमेऱ्याचे आकडे सांगणारं यंत्र, घेणं म्हणजे पैसे पाण्यात; उन्हात सनी सोळाचा नियम, सावलीत मोबाइलचं अ‍ॅप; फारच हौस असेल तर बॅटरी न लागणारा जुना मीटर; आणि जुन्या लोकांकडे तरी कुठे मीटर होते? नवी मुलं हे वाचून रोल वाया घालवतायत, म्हणून लिहितोय.

सनी सोळा खोटा नाही. लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या (तिच्या उजेड-संवेदनेच्या) जवळपास, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंद. मीही तो वापरतो. पण राजवाड्यासमोरच्या उन्हातून दरवाज्याच्या आत गेलात की उजेड किती उतरला, हे डोळा सांगत नाही. बाहुली मोठी होते नि सगळं छान दिसायला लागतं.

अ‍ॅपचं दुखणं वेगळं. ते वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतं आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्यांपाशी) आत्याचा फोटो काढत होतो. पांढरं लुगडं, मागे कमानीतला काळोख. अ‍ॅप त्या काळोखाला भुललं: एफ/४ ला १/६०. मग मीटर आत्याच्या हनुवटीपाशी नेला, अंगावर पडणारा उजेड मोजणारी त्याची पांढरी घुमटी कॅमेऱ्याकडे करून. “हे काय धरलंस रे तोंडापुढे?” आत्या म्हणाली. मीटर म्हणाला, १/२५०! दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक, आणि कॅमेऱ्यात जास्तीचा उजेड न सोसणारी स्लाइड फिल्म. अ‍ॅपचं ऐकलं असतं तर लुगड्याच्या चुण्या पार उडाल्या असत्या. निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते, हे मान्य. कमी उजेड मात्र तीही सोसत नाही. अ‍ॅपच वापरायचं असेल तर त्याच उजेडात आपला तळहात मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या.

‘जुन्यांकडे कुठे मीटर होते’ हे इंदुरात बसून तरी कोणी म्हणू नये. पुढे नामांकित छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ इथेच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास इथेच फोटोग्राफीकडे वळले. मीटर नसेल त्यांच्याकडे, पण फिल्मच्या जागी तेव्हा जी काच असे, तिला लाल प्रकाश कळतच नसे. त्यामुळे मंद लालसर उजेडात, डोळ्यांदेखत ती धुता यायची. रसायन ओलं असतानाच वापरायची ‘ओली काच’ तर जागच्या जागीच धुवावी लागे. फसली तर लगेच दुसरी. आपला रोल मिट्ट काळोखात धुतला जातो, ३६ फ्रेम एकदम. चूक दिसते ती तो वाळत घातल्यावर.

राहिला जुना मीटर. उजेडावर आपली वीज आपणच करणाऱ्या सेलेनियम सेलला बॅटरी लागत नाही हे खरं, पण सेल म्हातारा होतो आणि काटा तरीही ऐटीत हलतो. मी घेतलेला असाच निघाला: उन्हात बरोबर, ओसरीत दोन स्टॉप चूक. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) सेलचे बरेच जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले आहेत. ती आता मिळत नाही आणि १.५ व्होल्टची घातली की आकडे सरकतात.

माझं मत विचाराल तर घुमटीचा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा मीटर घ्या. सेकोनिकचा एल-३०८ तसाच आहे, फ्लॅशही मोजतो. जुनाच घेणार असाल तर पैसे देण्याआधी भरवशाच्या मीटरशेजारी ऊन, ओसरी आणि घरातला दिवा, तिन्हीकडे धरून बघा. नुसत्या उन्हातल्या आकड्यावर घेऊ नका.