दोन्ही पाय शाबूत आहेत

माझे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि मी रडलो नव्हतो. गेल्या चार दिवसांत हे मी दोन मेहुण्यांना, एका साडूला आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोनवर सांगून झालंय. सेक्रेटरी म्हणाले, "धीर सोडू नका, हल्ली जयपूर फूट फार छान मिळतो."

हे सगळं जावईबापूंमुळे. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. शनिवारी पहाटे पाचला त्यांनी मला गाडीत घातलं आणि लॉस एंजेलिसहून दोन-अडीच तासांवर, बेकर्सफील्डच्या पुढे फमोसोला नेलं. अमेरिकेत ज्याला गाडी चालवता येत नाही तो सासरा सामानात मोडतो. येणार का, असं सामानाला कोणी विचारत नाही. पट्टा आवळून झाला की मग कुठे जायचंय ते कळतं. तर तिथे दोन्ही अंगांना बदामाच्या बागा, मधे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी आणि तिच्यावर 'मार्च मीट' नावाची गाड्यांच्या शर्यतींची, म्हणजे ड्रॅग रेसची, जत्रा. १९५९ पासून भरते म्हणे.

शर्यत अगदी साधी. वळण नाही, वळसा नाही. सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आमच्या घरापासून वाण्याचं दुकान याहून लांब आहे. दोन गाड्या आधी मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरवून रबराचा धूर काढतात, मग नव्या नवरीसारख्या इंच इंच पुढे सरकतात. समोरच्या खांबावर पिवळे दिवे, मग हिरवा, आणि सहा सेकंदांत खेळ खलास. एकदा मला शिंक आली. तोंड उघडलं तेव्हा हिरवा लागला होता. शिंकून होईतो गाडी मागे पॅराशूट सोडून थांबायच्या बेतात होती. पुढच्या जोडीतल्या एकीने रस्त्यावर तेल सांडलं. ते पुसायला पाऊण तास. सहा सेकंद कीर्तन आणि पाऊण तास झाडलोट.

या झाडलोटीच्या वेळात जावई म्हणाले, "बाबा, खुर्ची धरून ठेवा, मी बत्तीसची फोर्ड बघून येतो." मी खुर्ची धरून बसलो. इथे एक गोष्ट बरी (आता वाईट म्हणतो), की गाड्या जिथे दुरुस्त होतात तिथपर्यंत कोणालाही जाता येतं. दहा फुटांवर एक इंजिन उघडं पडलं होतं. आणि शेजारच्या खुर्चीत तो म्हातारा होता.

पंचाहत्तरीचा असेल. पँटला गॅलिस, टोपीवर इतके बिल्ले की टोपीचा रंग सांगता येऊ नये.

"पहिल्यांदाच?" त्याने विचारलं.

"हो."

"कुठून आलात?"

"इंडिया."

"इंडियाना!" तो उडालाच. "अहो, मग या शर्यतींची नॅशनल्स तुमच्या दारातच!"

मी म्हटलं, तुमचं इंडियाना राज्य नव्हे, इंडिया. तो म्हणाला, तेच ते, तिथल्या इंडियानापोलिसला तो स्वतः चारदा जाऊन आलाय. माझ्या कानात स्पंजचे बोळे, त्याच्या कानात यंत्र. दोघंही आपापलं बोलत राहिलो. १९५९ ला तो बापाच्या खांद्यावर बसून इथे आला होता. बापाचा खांदा डावा की उजवा, तेही त्याने सांगितलं.

मग त्याने डॉन गार्लिट्सचं, म्हणजे या शर्यतींतल्या एका नामवंत गाडीवाल्याचं, आख्यान लावलं. जुन्या गाड्यांत इंजिन पुढे आणि चालवणारा त्याच्यामागे, मागच्या चाकांच्या मधोमध, पाय फाकून. १९७० साली या गार्लिट्सचा गिअरबॉक्स त्याच्या पायांतच फुटला आणि उजवं पाऊल अर्धं गेलं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने ठरवलं, इंजिन आता पाठीमागे. पुढच्या वर्षी तशी गाडी बांधून आणली आणि तिच्यावर जिंकायला लागला. बघता बघता सगळ्यांनीच इंजिनं मागे नेली. गोष्ट चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण "अर्धं पाऊल" म्हणताना म्हाताऱ्याने स्वतःचा बूट वर केला आणि नेमकं त्याच क्षणी समोरचं इंजिन चालू झालं.

ते पेट्रोलवर चालत नाही. नायट्रोमिथेनवर चालतं, आणि त्याच्या धुरात नायट्रिक आम्लाची वाफ असते. डंकावर ब्याडगी कुटायला घेतलीय आणि आपण वाकून बघतोय, तसं झालं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. रुमाल गाडीत.

म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मलाही होतं असं."

"नाही हो, धूर..."

"लाजायचं काय त्यात!" असं म्हणून त्याने पलीकडे हाळी दिली. "इकडे या रे! हा माणूस इंडियानाहून आलाय आणि डॉनच्या पायासाठी रडतोय!"

तिघं-चौघं आले. एका बाईंनी कागदी रुमालांचा अख्खा डबा माझ्या मांडीवर ठेवला. एका गृहस्थांनी टोपी काढली. इंजिन चालूच, त्यामुळे मी जितका खुलासा करी तितका कंठ दाटल्यासारखा दिसे. शेवटी म्हाताऱ्याने आपल्या टोपीवरचा एक बिल्ला काढून माझ्या स्वेटरला लावला आणि मला मिठी मारली. मिठीला तळलेल्या कांद्याचा वास होता. जावईबापू परत आले ते इथे. फोन हातात धरूनच.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ 'आपलं कुटुंब'वर. 'बाबा भावुक.' खाली बायकोचा, म्हणजे चार फुटांवर सोफ्यात बसलेल्या बायकोचा, निरोप : "पोरीच्या पाठवणीला यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं." अहो, पाठवणीच्या वेळी केटरर साठ ताटं जास्त लावत होता! मी रडत बसलो असतो तर ते पैसे कोणी वाचवले असते? पण तो व्हिडिओ कोणी काढला नाही.

आणि रडायचंच असतं तर कारण होतं माझ्याकडे. येताना गाडीत जावई तासभर सांगत होते, नव्वद वर्षांच्या फोर्डचा मडगार्ड कसा मूळचा आहे, माणसं कशी जीव लावतात. तीन वर्षांपूर्वी माझी चेतक विकायला काढली ती यांनीच. बावीस वर्षं मी तिला डावीकडे कलवून मग किक मारली. पावसात, मुलीच्या दहावीच्या पेपरांना, आईच्या दवाखान्याला. "बाबा, भंगार झालंय, पार्किंगची जागा अडवते," म्हणाले. भंगारवाल्याने काटा लावून वजनावर नेली. तेव्हा कोणी टोपी काढली नाही. हे मी गाडीत बोललो नाही. परत यायला दुसरं वाहन नव्हतं.

काल स्वयंपाकघरात भज्यांसाठी कांदा चिरत होतो. जावयांनी तेही टिपलं. खाली साडूंनी लिहिलंय, "अजून सावरले नाहीत वाटतं. कुठला पाय म्हणालात?"