हुकूमशहा पाहिजे म्हणे!

आज सकाळी कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर एक चांगला शिकला-सवरलेला माणूस ग्लास रिकामा करत म्हणाला, "या देशाला दहा वर्षं हुकूमशहाच पाहिजे बघा. सिंगापूर कसं सुधारलं!" आणि शेजारच्या चौघांनी माना डोलावल्या. तिथं भांडण नको म्हणून गप्प बसलो. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथं लिहितोय.

सिंगापूरच का आठवतं रे? मोबुतू का नाही आठवत? १९६५ ते १९९७ काँगोत एकट्याची सत्ता, विचारणारं कोणी नाही. त्याच्या गावाकडं जंगलात काँकॉर्ड विमान उतरेल अशी धावपट्टी झाली आणि देशातले रस्ते झाडीत गडप झाले. सोमालियात सियाद बारे १९६९ साली लष्कराच्या जोरावर बसला. १९९१ ला तो पळाला तेव्हा मागं देश चालवायला यंत्रणाच उरली नव्हती. आणि सिंगापुरात निवडणुका तरी होतात की राव! १९५९ पासून एकच पक्ष जिंकतो आणि विरोधकांना मैदान मोकळं नसतं, ते वेगळं.

२०१९ चा महापूर आठवा. माझ्या आत्याच्या घरात खांद्याएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणूस आला, उंबऱ्यावरूनच आत बघून त्यानं लिहिलं 'तीन फूट'. आत्यानं त्याला हाताला धरून आत नेलं, भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली, शिवणाच्या डब्यातली टेप त्याच्या हातात दिली. "मोज. मोजून लिही." बिचाऱ्यानं मोजलं. खाडाखोड करून नवा आकडा घातला, खाली सही केली.

मला म्हणायचंय ते सगळं त्या घरात होतं. चिखल तुडवत रजिस्टर घेऊन माणूस दारापर्यंत पोचला, ही राज्यसंस्था. मोबुतूला तीच उभी करता आली नाही. आत्या त्याच्यावर ओरडली आणि रात्री तिच्या दारात पोलीस आला नाही, ही राजवट. आणि सरकार? ते तर त्याच वर्षी मुंबईत बदललं. मध्ये राष्ट्रपती राजवट लागली, एक शपथविधी पहाटे पहाटे उरकला, आणि इथं रजिस्टरवाला तोच. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवं सरकार बनलं नव्हतं, तरी पगार झाले, शाळा भरल्या, रेल्वे धावल्या.

म्हणजे तुम्हाला हवाय तो नीट मोजणारा माणूस, आणि मागताय काय, तर ज्याच्यापुढं आत्यानं तोंड उघडायचं नाही असा साहेब!

आता कोण तरी म्हणणारच, शाहू महाराज राजेच होते ना? होते. १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. त्यांच्यापुढं मी काय बोलणार, हात जोडतो. पण त्यांना आपण निवडलं नव्हतं, ते आपल्या नशिबानं मिळाले. त्या काळात देशात शेकडो संस्थानं होती. बडोद्याचे सयाजीराव सोडून आणखी किती राजांची नावं पटापट सांगता येतात?

आणि बिननिवडणुकीचा कारभार बघायला सिंगापूरला कशाला जाताय? आपल्या महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. पाच वर्षं प्रशासक. नगरसेवकांची लुडबुड नाही, महासभेचा गोंधळ नाही. मग खड्डे गेले? धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाइपलाइनचं पाणी त्याच काळात पोचलं, हे मान्य. पण गटार तुंबली तर जाऊन भांडायचं कुणाशी, हे पाच वर्षं आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या पंचनामेवाल्यावर माझा राग नाही, खरं सांगतो. एकटा माणूस, पन्नास घरं, पायात चिखलानं भरलेली चप्पल. जाताना आत्यानं त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "मावशी, सगळीच तुमच्यासारखी टेप घेऊन उभी राहिली तर माझं अवघड आहे." राहू देत की उभी!

असो. आता प्रभागात एकदम चार-चार नगरसेवक मिळालेत. गल्लीतल्या गटारीचा अर्ज लिहून ठेवलाय, रविवारी चौघांच्याही दारात जाणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी शनिवारी संध्याकाळी घरी या. कट्ट्यावरच्या त्या साहेबांनाही कुणी तरी निरोप द्या.