‘तुमच्यासाठी प्रसंग, आमच्यासाठी काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लहान मुलांबरोबरच्या रोजच्या दिवसांत आनंद कुठे कुठे सापडतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून हे लांबलेलं उत्तर.

बाकीच्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. पहिला, असलं लिखाण थकलेल्या आईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकतं: सगळं करा, वर आनंदीही राहा. दुसरा, मुलांना सांभाळताना माणसं फारशी खूश नसतात हे संशोधनानेच दाखवलंय, मग खोटं कशाला बोलायचं? आणि तिसरा तुमच्याच शब्दांत देतो: “मुलीला आंघोळ घालणं हा तुमच्यासाठी प्रसंग आहे, आमच्यासाठी काम आहे. बाबा लोकांना प्रसंगांवर लिहायला काय जातंय?”

संशोधनाचं आधी बघू, ते लवकर उरकेल. तुमच्या मनात बहुधा डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास असावा. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांनी आदला दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवायला लावला आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटत होतं ते विचारलं. त्यात मुलांची देखभाल बरीच खाली गेली. टीव्ही बघण्याच्या खाली, स्वयंपाकाच्याही खाली, घरकामाच्या जेमतेम वर. मला यात धक्का बसण्यासारखं काही दिसत नाही. टीव्ही बघताना कुणी तुमच्या अंगावर ओकत नाही. २००९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी कसं वाटलं याच्या जोडीला, ते करण्यात काही अर्थ वाटला का, हेही विचारलं. तेव्हा मुलांबरोबरचा वेळ वर सरकला. पण तुमच्या प्रश्नाचा निकाल या दोन्हींतून लागतो असं मला वाटत नाही. मुलाला कपडे घालून घराबाहेर काढायला अर्धा तास लागतो. त्यातली बहुतेक मिनिटं ओढाताणीची असतात. मध्येच कधीतरी ते बाहीतून डोकं काढतं, स्वतःच दचकतं आणि खदखदून हसायला लागतं. या अर्ध्या तासाला एकच गुण द्यायचा तर कोणीही कमीच देईल. मीही देईन. म्हणून ते हसणं झालंच नाही असं होत नाही.

आता प्रसंग आणि काम. तुमचं हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “बरोबर आहे, पण अर्धंच.” मलाही तसंच वाटतं.

बरोबर अर्धं आधी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ सालचा अहवाल सांगतो, की जगभरात बिनपगारी देखभालीचे आणि घरकामाचे जे तास जातात, त्यांतले ७६.२ टक्के बायकांच्या वाट्याला येतात. पुरुषांच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे एखादा बाप आंघोळीवर चार परिच्छेद लिहितो तेव्हा वाचणारीने भुवया उंचावणं साहजिक आहे. आमच्याकडेही आंघोळ हा माझा प्रसंगच होता. सुट्टीच्या दिवशी बाह्या वर करायच्या, फेस उडवायचा, कुणीतरी फोटो काढायचा. पाण्याचा अंदाज, टॉवेल, धुतलेले कपडे, नंतरची ओली फरशी हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी. मजा यायची. पण खरं सांगायचं तर त्या आंघोळींपैकी मला आज एकही नीट आठवत नाही. फोटो आहेत, तेवढंच.

धाकटी झाल्यावर आंघोळ कायमची माझ्याकडे आली. कायमची म्हणजे लक्षात ठेवण्यासकट. शॅम्पू संपत आलाय, कानामागे पुरळ दिसतंय, आज सर्दी आहे तर डोकं भिजवायचं नाही, हे सगळं. मजा आठवड्याभरात संपली. उरलं काम. आणि त्या कामात एक रडगाणं ठरलेलं: डोक्यावर पाणी पडणार हे कळलं की थोरली किंचाळायची. सगळे उपाय करून झाले. छताकडे बघ म्हटलं, डोळे मिट म्हटलं, गाणी म्हटली. कित्येक महिने हेच. मग एके दिवशी मी पाण्याचा मग उचलला आणि तिने स्वतःहून तळहात कपाळावर आडवा धरला, पत्र्याच्या पागोळीसारखा. बोटं घट्ट मिटलेली, कोपर वर. म्हणाली, “आता ओत.” पाणी बोटांवरून बाजूला गेलं, डोळ्यांत थेंब गेला नाही. तिने एक डोळा उघडून खात्री केली आणि हुकूम सोडला, “अजून.”

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी हौसेने आलेल्या बापाने हे बघितलं असतं, तर त्याला कपाळावर हात धरलेली एक मुलगी दिसली असती. छान, गोड, पुढे चला. मला मात्र त्या हातामागचं महिनोन्‌महिन्यांचं किंचाळणं माहीत होतं. म्हणून मी हातात रिकामा मग धरून वेड्यासारखा हसत राहिलो.

इथे माझा आणि तुमचा रस्ता वेगळा होतो. तुम्ही म्हणता, काम असल्यामुळे आनंद नाही. माझं म्हणणं असं, की काम रोजचं आणि आपलं असल्याशिवाय हा आनंद दिसतच नाही. कालचं माहीत असलेल्यालाच आज काय बदललं ते कळतं. पाहुण्यासारखं येणाऱ्याला मजा मिळते, पण ती मजा कुठल्याही मुलाबरोबर मिळाली असती. या मुलाचं काही कळायला तेच ते, तेच ते करावं लागतं.

मुलांना हे आपल्याआधी कळलेलं असतं, असा माझा संशय आहे. तेच पुस्तक शंभरदा वाचायला लावतात आणि आपण एक पान गाळलं की पकडतात. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर याचा प्रयोग केला होता. नवे शब्द काही मुलांना वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले, काहींना पुन्हापुन्हा त्याच गोष्टींतून. त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांनी ते शब्द जास्त चांगले शिकले. आपल्याला जांभया येत असतात तेव्हा समोरचं माणूस कामात असतं. (जांभया तरीही येतातच. मी दोनदा वाचता वाचता झोपलोय आणि पोटात कोपर खाऊन उठलोय.)

पण तुम्ही म्हणाल, रोज करूनही मला काही दिसत नाही. हेच तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्यावर माझ्याकडे वाद नाही. काही दिसायला डोक्यात थोडी जागा लागते. सगळंच एकटीच्या अंगावर असेल तर आंघोळ चालू असताना डोकं पुढच्या तीन कामांवर असतं, कपाळावरचा हात दिसणार कसा? इझाबेल रोस्कम आणि मोइरा मिकोलायचॅक या संशोधिका पालकांच्या या पार पिळवटून जाण्याचा अभ्यास करतात. त्यांनी सांगितलेल्या लक्षणांत टोकाचा थकवा आहे, मुलांपासून मनाने लांब जाणं आहे आणि आईबाप असण्यातली गोडीच जाणंही आहे. ४२ देशांतल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे ज्याने त्याने आपापलं बघावं अशी रीत आहे तिथे हे प्रमाण जास्त निघालं. म्हणजे गोडी जाते ती कृतज्ञता कमी पडल्यामुळे नव्हे, माणसं कमी पडल्यामुळे. एक काहीच उचलत नाही म्हणून मुकतो, दुसरी सगळंच उचलते म्हणून मुकते. त्यामुळे वाटणीचं भांडण आणि आनंदाचं लिखाण हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे बाळंत झालेल्या शंभरातल्या साधारण तेरा जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, तर माझंच काय, कुणाचंही लिखाण वाचत बसू नका. डॉक्टरांकडे जा.

राहिला पहिला मुद्दा, आनंदी राहण्याची सक्ती. ‘प्रत्येक क्षण जगून घ्या, मुलं भराभर मोठी होतात’ हे वाक्य मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. ते बोलणाऱ्यांची मुलं मोठी झालेली असतात आणि आदल्या रात्री त्यांची झोप झालेली असते. प्रत्येक क्षणी मुलाशी एकरूप असायला हवं, हेही खरं नाही. बाळ आणि आई यांच्यातल्या देवाणघेवाणीचा एड ट्रॉनिक यांनी बारकाईने अभ्यास केला. अगदी सुरळीत जोड्यांतही दोघांचे सूर जेमतेम तीसेक टक्के वेळ जुळलेले असतात, असं त्यांना दिसलं. बाकी वेळ चुकामूक, मग पुन्हा जुळवाजुळव. बाळाचं त्यावर बरं चालतं. आपलंही चालायला हरकत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, “संध्याकाळी घरी आल्यापासून मुलं झोपेपर्यंतच्या दोन तासांत आनंद कुठे शोधू, ते सांगा.” तिथे शोधूच नका. त्या दोन तासांतून काय काय काढून टाकता येईल ते बघा. आंघोळ एक दिवस राहू द्या, खेळणी जिथे पडलीत तिथे राहू द्या. आणि “नवरा मदत करतो” असं जे लिहिलंत, ती मदत बंद करा. त्याऐवजी रोजचं एक काम त्यांच्याकडे पूर्ण द्या, आठवण ठेवण्यासकट. पहिले पंधरा दिवस ते वाईट करतील. शर्ट उलटा घालतील, टॉवेल विसरतील, आतून हाका मारतील. जाऊ नका. काम कोणतं घ्यायचं ते त्यांना निवडू द्या. फक्त नखं कापायचं निवडलं तर मान्य करू नका. ते आठवड्यातून एकदाच असतं.