आई येईल हां!

रात्रीचे पावणेबारा झालेत. ओट्यावर दुधाचं पातेलं तसंच पडलंय आणि ते घासायचं सोडून मी हे लिहितेय. आज लिहिलं नाही तर उद्या सकाळी कुणावर तरी खेकसेन, आणि ज्याच्यावर खेकसेन त्याचा नेमका काही दोष नसेल.

आधीच सांगते, मुलीचा राग आलेला नाहीये. (सकाळी आला होता. गेला.) ठमी अडीच वर्षांची आहे आणि हट्टी आहे. बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट, या तिघांपुढे कुणाचं काही चालत नाही असं म्हणतात ना? आमच्याकडे हे तिन्ही ९० सेंटिमीटरच्या एकाच देहात मुक्कामाला आहेत. पोळीचा तुकडा मोडून दिला की "जोड!" म्हणते. केळं सोललं की "परत घाल!" आंघोळीला चल म्हटलं की नको, आणि तासाभराने बाहेर ये म्हटलं की तेही नको. हे सगळं मला चालतं. दमते, वैतागते, पण चालतं. डोकं फिरतं ते तिच्याभोवतीच्या मोठ्या, शहाण्या, पोक्त माणसांमुळे.

आज सकाळचंच घ्या. डोंबिवली, जुलैमधला पाऊस, ठमीला प्लेग्रुपला सोडून मला गाडी पकडायची. ठमी उंबरठ्यावर बसून सँडल घालतेय. "मी! माझी मी!" उजवी सँडल डाव्या पायात, मग काढली, मग पुन्हा त्याच पायात. जीभ बाहेर, कपाळावर आठ्या, एखादा घड्याळजी स्प्रिंग बसवतो तशी ती वेलक्रोची पट्टी कडीतून ओवतेय. मला हे माहीत आहे. म्हणून मी रोज या सँडलसाठी १० मिनिटं वेगळी काढून ठेवते आणि तेवढी लवकर उठते. आज आठव्या मिनिटाला पट्टी कडीत गेली. खरंच गेली! ती माझ्याकडे बघून हसली, आता फक्त दाबायची राहिली होती. आणि मागून सासूबाई आल्या. "अगं किती वेळ, गाडी जाईल ना तुझी," म्हणत खाली वाकल्या आणि टच्च, टच्च, दोन्ही पट्ट्या लावून मोकळ्या झाल्या.

त्यांचे दोन सेकंद गेले. आमची पुढची पंचवीस मिनिटं.

ठमीने दोन्ही सँडल काढल्या, एक जिन्यातून भिरकावली, ती थेट तिसऱ्या मजल्यावर. मग पॅसेजमध्ये पालथी पडून असा काही टाहो फोडला की समोरचं दार उघडलं. सँडल आणली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कशीबशी लिफ्टपाशी पोचलो तर वरच्या मजल्यावरचे काका आत, आणि खालचं बटण त्यांनी आधीच दाबलेलं. बटण ठमी दाबते. रोज. हा आमच्या घरातला संविधानाचा मूळ गाभा आहे, त्याला हात लावता येत नाही. तर खाली जाऊन, काकांना उतरवून, पुन्हा चौथ्या मजल्यावर जाऊन, ठमीच्या हाताने बटण दाबून आम्ही खाली आलो. काका छत्री उघडत तिथेच उभे होते, खास सांगायला थांबले होते. "फार लाडावून ठेवलीय हो. आमच्या वेळी एक धपाटा घातला की काम व्हायचं."

काका, तुमच्या वेळी तुम्ही ऑफिसात होतात. धपाटा कोण घालत होतं आणि त्याने काय काम होत होतं, हे तुमच्या बायकोला विचारा.

पण माझा मुद्दा धपाटा नाहीच. मुद्दा असा, की या अर्ध्या तासात कोण काय बोललं ते मी मोजलं. सासूबाई दारातून, "गप बरं, बघ आई कशी रागावलीय." नवरा बेसिनपाशी, तोंडात ब्रश, "ठमी, आई ओलडेल हां!" समोरच्या काकू, "शहाणी ना तू? नाहीतर मम्मी फटका देईल." काका लिफ्टमध्ये, "आई तुला इथेच सोडून जाईल बघ."

मी या सगळ्या वेळात एक शब्द बोलले नव्हते. मी दप्तर, डबा, छत्री आणि एक सँडल धरून उभी होते.

पूर्वी घराघरात एक प्रामाणिक बागुलबुवा असायचा. अंधारात राहायचा, कुणी पाहिलेला नसायचा, कुणाचं वाईट व्हायचं नाही. त्याच्या जोडीला पोत्यात घालून नेणारा, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर, अशी मंडळी. आता आम्ही सगळे शिकलेसवरलेले. मुलांना असं घाबरवू नये हे आम्हाला पटलेलं आहे. मग त्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली. अर्ज केला नव्हता, मुलाखत झाली नाही, पगार नाही, आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा तेही कळत नाही.

बाकीच्यांची खाती बघा कशी वाटलीत. आजी चॉकलेट खात्याची मंत्री, वर "आईला सांगू नकोस हां" हे गुप्ततेचं कलम. बाबा रात्री आठला येतो आणि घोडा होतो. घोडाच होतो फक्त, नऊ वाजता घोडा दमतो आणि मोबाइल घेऊन बसतो. मामा व्हिडिओ कॉलवर माकडाचे आवाज काढतो. आणि माझ्याकडे दात घासणं, नखं कापणं, केस धुणं, नाकात थेंब घालणं, टीव्ही बंद करणं, बागेतून घरी आणणं. बागेत नेतं कोण? बाबा, रविवारी. आणि बागेतल्या बायका म्हणतात, "किती करतो हो मुलीचं!" मी गेली अडीच वर्षं करतेय, मला एकदासुद्धा कुणी 'किती करते हो' म्हटलेलं नाही. मला म्हणतात, "वाळलीय का गं ही? खात नाही वाटतं काही?"

हां, खाण्याचं. घेतेच आता तेही.

बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. त्यानंतर वर्षाला दोन-अडीच किलो, बस. म्हणजे वाढीचा वेग मंदावतो, भूकही कमी होते. डॉक्टरांनी हे आम्हा तिघांना समोर बसवून, तक्ता काढून, बोट ठेवून दाखवलंय. ठमीचं वजन उत्तम आहे. तरी घरी आल्या आल्या सासूबाई फोनवर नणंदेला, "काही म्हणजे काही खात नाही गं पोर, हिला भरवायला वेळ कुठाय." मग दुपारी माझ्या पाठीमागे मोबाइलवर ती गाणी लागतात आणि वरणभाताची वाटी दहा मिनिटांत रिकामी होते. संध्याकाळी मला रिकामी वाटी दाखवली जाते, जिंकलेल्या ढालीसारखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, आणि जितकी कमी तितकी बरी. हे मी एकदा जेवताना बोलले. त्यावर सासरे म्हणाले, "आम्ही काय संघटनेला विचारून पोरं वाढवली का?" विषय संपला. रात्री मी मोबाइल काढून घेतला की ठमी रडते, आणि चार तोंडांतून एकदम येतं, "आई रागावली बघ."

आता कुणी म्हणेल, मग सांग ना स्पष्ट, भांड. कशी भांडू? कायद्याने मला २६ आठवड्यांची रजा मिळाली, २०१७ च्या दुरुस्तीची कृपा, पूर्वी बाराच होते. त्याच दुरुस्तीने ठरवलं की ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. आमच्या ऑफिसात ती खोली आहे. दारावर फुलपाखराचं चित्र आहे आणि आत मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. म्हणजे दुपारी बारा ते संध्याकाळी सात माझी मुलगी सांभाळतात त्या सासूबाईच. गुडघे दुखत असताना, कुरकुर करत, पण जीव लावून. ज्या बाईच्या जिवावर माझी नोकरी चालते तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की आई, सँडलची पट्टी लावू नका? लिहितानासुद्धा मला लाज वाटतेय. आणि रागही येतोय. दोन्ही एकदम येतं, हेच तर.

गेल्या रविवारी एक लांबचे नातेवाईक आले होते. ठमीला जवळ ओढून, "पापी दे, पापी दे." ती म्हणाली, "नको." ते पुढे सरकले. तिने दोन्ही हातांनी गाल झाकला आणि ठासून सांगितलं, "नको. माझा गाल आहे." खोलीत शांतता. मग ते हसले, तसं हसले, तुम्हाला माहीत आहे कसं. "अरे बापरे! आत्ताच ही, सासरी कसं व्हायचं?" सगळे हसले. ठमी नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "सॉरी हां, ती जरा हट्टी आहे."

पाच दिवस झाले, ते 'सॉरी' माझ्या घशात अडकलंय. त्या खोलीत बरोबर बोललेलं एकच माणूस होतं, आणि त्याच्या वतीने मी माफी मागितली. मला तिचं ते 'नको'चं वाक्य बोलायला आयुष्यात कधी जमलेलं नाही. लोकलच्या गर्दीत नाही, ऑफिसात नाही, घरात तर नाहीच. ती अडीच वर्षांची बोलली, व्याकरणासकट.

मोबाइल नाही म्हणून मी रात्री भरवताना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगते. कावळ्याचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस येतो, शेण वाहून जातं, कावळा दार वाजवतो. चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब, तीट लावते. लहानपणी मला चिऊ दुष्ट वाटायची. आता कळलं, ती थापा मारत नव्हती, तिच्या घरात खरंच अडीच वर्षांचं पिल्लू असणार. पण आमच्याकडे गोष्ट तिथवर पोचतच नाही. कावळ्याने पहिल्यांदा दार वाजवलं की ठमी ताटावर हात आपटते. "उघड! चिऊ, दार उघड! तो भिजतोय ना!" बाळाचं काहीएक ऐकून घेत नाही. मी गोष्ट पुढे रेटायला बघते, ती रेटू देत नाही. शेवटी मला दार उघडावंच लागतं. मग ती शांत होते, घास घेते आणि तोंडात भात असतानाच कावळ्याला सांगते, "ये आत. पाय पूस."

शतकानुशतकं तो कावळा बाहेर भिजतोय, आणि या बयेने त्याला पाय पुसून आत घेतलं. हाच तो हट्ट, ज्याला मोडून काढा म्हणून मला रोज सल्ले मिळतात. डॉक्टर म्हणतात, राग आवरणारा, थांब-थोडं-म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. बरं, तिची पंचविशी यायची आहे. ज्यांच्या तीनदा होत आल्या ते लिफ्टमध्ये काय बोलतात ते वर लिहिलंच आहे.

तर आज रात्रीचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. साडेनऊला मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ठमी पलंगाच्या पलीकडे जमिनीवर बसून बाहुलीला भरवत होती, भातुकलीतल्या वाटीतून, काहीच नसलेलं काहीतरी. बाहुली खात नव्हती बहुतेक. ठमीने आधी लाडीगोडी लावली, "एक घास चिऊचा." मग थोडा वेळ गप्प. मग बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्या माणसासारखा आवाज काढून ती म्हणाली, "जेव पटकन. नाहीतर आई येईल हां."

आणि बाहुलीने पटापट सगळं खाल्लं.

माझ्या हातात तिचाच फ्रॉक होता, अर्धा घडी झालेला. मी काही बोलले नाही. बाहेर नवरा बातम्या बघत होता, त्याला जाऊन सांगितलं. तो हसला! म्हणाला, "किती गोड ना, सगळं कॉपी करते." मी म्हटलं, अरे, 'आई येईल' ही धमकी आहे आपल्या घरात, कळतंय का तुला? तर म्हणे, "तू फार मनाला लावून घेतेस. बोलायची पद्धत असते ती."

पद्धत! मग उद्यापासून पद्धत बदलू. उद्या सँडल बाबा घालून देईल आणि त्याची गाडी जाईल. नखं बाबा कापेल. टीव्ही आजोबा बंद करतील आणि मी लांबून, ब्रश तोंडात धरून, ओरडेन, "ठमी, आजोबा रागावतील हां!" बघू किती दिवस गोड वाटतं ते.

आता आतून हाक येतेय. पाणी हवंय. निळ्या ग्लासातच हवं असणार, आणि निळा ग्लास त्या दुधाच्या पातेल्याखाली खरकट्यात पडलाय. जाते, घासते.