दुसरी वेलांटी

माझ्या डाव्या घोट्याच्या वर 'धिर' असा शब्द गोंदवलेला आहे. तो 'धीर' असायला हवा होता, हे गोंदवणाऱ्याला, मला आणि शेजारी उभे राहून 'वा, वा' म्हणणाऱ्या दोन मित्रांना त्या दिवशी कळले नाही. ते सात वर्षांनी माझ्या शाळकरी मुलीला कळले. "बाबा, इथे दुसरी वेलांटी हवी," असे ती ज्या मायेने म्हणाली, तितक्या मायेने मला आजवर कोणी नापास केलेले नव्हते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंना मी विचारले, "फक्त वेलांटी काढून मिळेल का?" त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. शाई कातडीच्या वरवरच्या थरात नसते, तर त्याखालच्या थरात असते आणि तिथल्या भक्षक पेशींनी ती गिळून ठेवलेली असते, असे त्यांनी समजावले. लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच पडतो. तेवढ्यात शाईचे कण तापून फुटतात आणि आजूबाजूची कातडी पोळण्याआधी काम उरकते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ साली मांडले. पुढे तो चुरा उपसण्याचे काम मात्र शरीराकडे असते आणि ते शरीर आपल्या सवडीने करते. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की शाई गिळलेली पेशी मेली, तर सांडलेली शाई नवी पेशी पुन्हा गिळते. म्हणजे माझी शुद्धलेखनाची चूक माझ्या पेशी पिढ्यानपिढ्या वारसाहक्काने सांभाळत होत्या!

'र'च्या डोक्यावर चमक म्हणून एक पांढरा ठिपका होता. बाईंनी पहिली चाचणी त्याच्यावरच घेतली, कारण पांढऱ्या शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते आणि लेसर पडताच ते काळवंडू शकते. तशी पूर्वसूचना देऊन त्यांनी माझी सहीही घेतली होती. ठिपका क्षणात काळा झाला. घरी मुलीने पाय निरखून पाहिला आणि म्हणाली, "आता अनुस्वारही चुकला."

खऱ्या उपचाराला 'सिटिंग' म्हणतात, जरी त्यात आडवे पडावे लागते. खोलीतल्या सर्वांनी त्या विशिष्ट तरंगलांबीसाठीचे चष्मे चढवले, कारण हा झोत डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. वेदना रबरबँडच्या फटक्यासारखी असते, असे ज्याने प्रथम सांगितले, त्याने तो रबरबँड आधी तापवून पाहिलेला नसावा. चट्, चट् आवाज, जळक्या केसांचा वास, आणि पाहता पाहता 'धिरं' खडूने लिहिल्यासारखा पांढराफटक झाला. मी हर्षाने उठू लागलो, तेव्हा बाई म्हणाल्या की हे कातडीतले वायूचे बुडबुडे आहेत, अर्ध्या तासात ओसरतील. ते ओसरले. शब्द जागेवर होता.

मग फोड आला, तो फोडायचा नाही. खपली धरली, ती ओढायची नाही. ऊन लागू द्यायचे नाही. आणि पुढची सिटिंग आठ आठवड्यांनी. काळी शाई सर्वांत लवकर विरते, पण पायावरची शाई छाती-पाठीवरच्यापेक्षा सावकाश जाते, आणि धूम्रपान करणाऱ्यांना आणखी वेळ लागतो. सावळ्या कातडीचे रंगद्रव्यही प्रकाश शोषून घेते, म्हणून माझ्यासाठी त्या रंगद्रव्यात कमी शोषला जाणारा, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर निवडला होता. तरीही फिकट किंवा गडद डाग राहणारच नाही, असे लिहून द्यायला बाई तयार नव्हत्या. याच कारणाने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. 'एका फटक्यात साफ, डाग राहणार नाही म्हणजे नाही' असे सांगणाऱ्याकडे मी माझे नखही नेणार नाही, आणि गोंदण घालवणारी आम्लयुक्त मलमे तर घरात आणूच नयेत. त्यांनी शाईआधी कातडी जाते.

पाच सिटिंग झाल्या, म्हणजे आठ-नऊ महिने सरले. अनुस्वार पुसट झाला. बारीक रेघेची वेलांटी सर्वांत आधी गेली, जे मी पहिल्याच दिवशी मागितले होते. जाड हाताने भरलेली अक्षरे मात्र तशीच आहेत, त्यामुळे सध्या माझ्या पायावर 'धर' असे लिहिलेले आहे. सहाव्या वेळी नव्या परिचारिकेने ते वाचले, मान डोलावली आणि माझा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.